शार्ङ्गदेवाचे ताल आणि ऑलिव्हिए मेसियाँ

देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, सिंघण राजाच्या कारकिर्दीत, म्हणजे १३व्या शतकाच्या पूर्वार्धात, शार्ङ्गदेव नावाच्या एका अधिकाऱ्याने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे; आजोबा दक्षिणेत आले आणि यादवांच्या आश्रयाला राहिले. शार्ङ्गदेव स्वतः राज्याच्या हिशेबाचे काम पाहत असे. त्याच्या ग्रंथाच्या सात अध्यायांपैकी पाचवा तालाचा आहे आणि त्यात मार्गतालांचे, म्हणजे प्राचीन शास्त्रोक्त तालांचे, विवेचन झाल्यावर १२० देशी, म्हणजे प्रांतोप्रांती रूढ, तालांची लक्षणे एकामागून एक दिलेली आहेत. १९व्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या आनंदाश्रमाने हा ग्रंथ कल्लिनाथाच्या टीकेसह छापला, त्यामुळे तो अभ्यासकांना उपलब्ध झाला. पण त्या १२० तालांपैकी बहुतेक ताल आज आपल्या मैफलीत वाजत नाहीत.

पॅरिसमध्ये मात्र एका संगीतकाराने हे ताल आपल्या विद्यार्थिदशेत हाती घेतले आणि १९९२ साली मृत्यू येईपर्यंत सोडले नाहीत. ऑलिव्हिए मेसियाँ हे त्यांचे नाव. द्यब्युसी आणि राव्हेल यांच्यानंतरच्या फ्रेंच संगीतातले सर्वांत मोठे नाव मी त्यांचेच मानतो. त्यांच्याविषयी युरोपीय भाषांत विपुल लिहिले गेले आहे. त्यात त्यांची कॅथलिक श्रद्धा, युद्धकैद आणि पक्षिप्रेम या गोष्टी ठळकपणे येतात आणि भारतीय तालांचा उल्लेख पुष्कळदा एखाद्या परिच्छेदात उरकलेला असतो. ठेका, आवर्तन आणि सम ज्यांच्या कानात लहानपणापासून मुरलेली आहेत, अशा वाचकांनी मात्र हा संगीतकार तालाच्या बाजूनेच ऐकायला घ्यावा, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

मेसियाँ यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी आव्हिन्यों येथे झाला. वडील प्येर मेसियाँ हे इंग्रजीचे अध्यापक आणि शेक्सपिअरचे अनुवादक, तर आई सेसिल सोव्हाज कवयित्री. या मुलाच्या वेळी गर्भवती असताना तिने त्याला उद्देशून कवितांची एक मालिका लिहिली. आपण संगीतकार होणार हे त्या कवितांनी आधीच ठरवून टाकले होते, असे मेसियाँ आयुष्यभर सांगत आणि ते मनापासून सांगत. पहिल्या महायुद्धात वडील सैन्यात गेल्यावर आई दोन्ही मुलांना घेऊन ग्रनोब्ल येथे भावाच्या घरी राहायला गेली. आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात हा मुलगा शेक्सपिअरची नाटके घरात उभी करून दाखवत असे आणि पियानो कोणी न शिकवता वाजवू लागला होता. पुढे आयुष्यभर संगीतरचनेसाठी ते त्याच डोंगराळ प्रदेशाकडे परतत राहिले. युद्धानंतर नाँत येथे त्यांच्या एका शिक्षकांनी दहा वर्षांच्या या विद्यार्थ्याला द्यब्युसी यांच्या ‘पेलेआस आणि मेलिसांद’ या ऑपेराची स्वरलिपी भेट दिली. हे पुस्तक म्हणजे आपल्यावर कोसळलेली वीज होती, अशा शब्दांत मेसियाँ त्या भेटीची आठवण काढत.

१९१९ साली ते पॅरिसच्या कॉन्झर्व्हातवार या संगीत महाविद्यालयात दाखल झाले. ऑर्गन त्यांनी मार्सेल द्युप्रे यांच्याकडे आणि रचनाशास्त्र पॉल द्युका यांच्याकडे शिकून घेतले, तर संगीताच्या इतिहासाचे अध्यापक मॉरिस एमान्युएल यांनी त्यांना प्राचीन ग्रीक छंदांची गोडी लावली. लघु आणि गुरू अक्षरांच्या मांडणीतून लय कशी उभी राहते, हे ग्रीक काव्यातून समजलेला हा विद्यार्थी त्याच ओढीने एका मोठ्या फ्रेंच संगीतकोशातल्या भारतावरच्या लेखापाशी येऊन पोहोचला. आल्बेर लाव्हिन्याक यांच्या संपादनाखाली सुरू झालेल्या त्या कोशाचा भारतविषयक भाग जोआनी ग्रोसे या संस्कृतज्ञाने लिहिलेला होता. भरताच्या नाट्यशास्त्राच्या संपादनाचे कामही याच ग्रोसे यांनी केले होते. त्यांच्या लेखात शार्ङ्गदेवाचे १२० देशी ताल पाश्चात्त्य स्वरलिपीत मांडून दाखवलेले होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. मेसियाँ यांच्यापर्यंत हे ताल मृदंगाच्या बोलांतून किंवा हातावरच्या टाळीतून आले नाहीत. ते छापील कोष्टकातून आले. या कारणावरून त्यांची उचल वरवरची ठरवणारे लोक आहेत, आणि त्यांचा आक्षेप मला समजतो. परंतु मेसियाँ यांनी आपण भारतीय संगीत रचतो आहोत असा दावा केला नाही. उलट प्रत्येक तालाचे नाव आणि ग्रंथकाराचे नाव ते आपल्या स्वरलिपीत आणि लेखनात कटाक्षाने नोंदवत गेले. त्यांनी घेतला तो तालांमागचा विचार, आणि तो किती खोलवर जाऊन घेतला हे ‘रागवर्धन’ या एका तालावरून दिसते.

शार्ङ्गदेवाच्या हिशेबात लघू हे माप धरले, तर द्रुत त्याच्या निम्मा, गुरू दुप्पट आणि प्लुत तिप्पट होतो. विराम जोडला की त्या मापात त्याच्याच निम्म्याची भर पडते. ग्रोसे यांच्या कोष्टकातला रागवर्धन असा आहे: एक द्रुत, विराम जोडलेला एक द्रुत, पुन्हा एक द्रुत आणि शेवटी प्लुत. मेसियाँ यांनी हा ताल उलटा करून पाहिला. आता आधी प्लुत येतो, म्हणजे तीन लघूंचा काळ, आणि त्याच्यामागून तीन द्रुत येतात, म्हणजे त्याच काळाचे निम्मे रूप. मात्र मधल्या द्रुताला जोडलेल्या विरामामुळे ते निम्मे रूप काटेकोर राहत नाही, किंचित लांबते. या इवल्याशा भरीने सगळी चाल समतोलातून सुटते आणि तरंगू लागते. शिवाय द्रुत, वाढलेला द्रुत, द्रुत हा तुकडा पुढून वाचला काय किंवा मागून वाचला काय, तसाच राहतो. चार आघातांच्या या तालातून मेसियाँ यांच्या लयविचाराची तीन मूलतत्त्वे निघाली: लयीत घातलेली अल्पशी भर, काटेकोर नसलेली वाढ आणि घट, आणि उलटवता न येणारे, म्हणजे मागून वाचले तरी तसेच राहणारे, लयबंध. आपल्या संगीतभाषेविषयी १९४४ साली त्यांनी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या दुसऱ्या प्रकरणाला त्यांनी रागवर्धनाचेच नाव दिले आहे.

१९३१ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, पॅरिसच्या सेंत-त्रिनिते या चर्चमध्ये त्यांची ऑर्गनवादक म्हणून नेमणूक झाली. आपल्या संगीत नाटकांमुळे ऑर्गन म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पायांनी भाता मारण्याची पेटी येते. त्रिनितेचा ऑर्गन म्हणजे आरिस्तीद काव्हाये-कोल या विख्यात कारागिराने घडवलेले, भिंतभर नळ्यांचे, अनेक स्वरपट्ट्यांच्या थरांचे आणि पायांनीही सूर वाजवायचे प्रचंड वाद्य होते. मेसियाँ यांनी ही सेवा सुमारे साठ वर्षे केली. जगभर कीर्ती झाल्यावरही पॅरिसमध्ये असले की रविवारी ते ऑर्गनवर बसत आणि उपासनेत तेथल्या तेथे सुचेल ते वाजवत. उपासनेला येणाऱ्यांपैकी काहींना त्यांचे विसंवादी स्वर रुचत नसत आणि तक्रारीही होत. तरी ते पद त्यांनी सोडले नाही. १९३५ सालची ‘प्रभूचा जन्म’ ही नऊ भागांची ऑर्गनरचना याच वाद्यासाठी घडली, आणि ख्रिस्तजन्माच्या या चिंतनात भारतीय लयींचा वापर आधीच आलेला आहे.

१९३९ साली युद्ध सुरू झाले. दृष्टी अधू असल्यामुळे मेसियाँ यांना वैद्यकीय सेवेत घेण्यात आले आणि १९४० च्या जूनमध्ये ते जर्मन सैन्याच्या हाती सापडले. नाँसी शहराजवळच्या मैदानावर कैद्यांच्या घोळक्यात त्यांच्यासोबत आंरी आकोका हा क्लॅरिनेटवादक आणि एत्येन पास्किए हा चेलोवादक होता. आकोकाचे वाद्य त्याच्यापाशी होते, म्हणून मेसियाँ यांनी त्याच्यासाठी एकट्या क्लॅरिनेटची एक रचना लिहिली आणि त्याने ती तेथेच वाजवून पाहिली. पुढे तिघांची रवानगी ग्योरलित्स येथील स्टालाग ८-अ या छावणीत झाली. तेथे जाँ ल बुलेर हा व्हायोलिनवादक भेटला आणि एक मोडकातोडका पियानो मिळाला. कार्ल-आल्बर्ट ब्र्युल या जर्मन पहारेकऱ्याने मेसियाँ यांना कागद आणि पेन्सिली पुरवल्या आणि लिहिण्यासाठी एकांत मिळवून दिला. १५ जानेवारी १९४१ रोजी, कडाक्याच्या थंडीत, छावणीच्या २७ क्रमांकाच्या बराकीत ‘कालाच्या अंतासाठी चतुष्क’ ही या चार वाद्यांसाठीची आठ भागांची रचना प्रथम वाजली.

त्या प्रयोगाला ५,००० श्रोते होते आणि चेलोला तीनच तारा होत्या, असे मेसियाँ नंतर सांगत असत. पास्किए यांनी याला स्पष्ट नकार दिला. तारा चारही होत्या आणि बराकीत मावणारी माणसे काही शेकड्यांतच होती. मला या तफावतीने मेसियाँ यांच्याविषयीचा आदर कमी झाल्यासारखा वाटत नाही, पण आख्यायिका मात्र बाजूला ठेवावी असे वाटते, कारण खरी हकिकत पुरेशी विलक्षण आहे. आकोका जन्माने ज्यू होता. त्याच वर्षी कैद्यांच्या चालत्या गाडीतून त्याने क्लॅरिनेटसह उडी मारली आणि तो निसटला. ल बुलेरने व्हायोलिन सोडले आणि जाँ लानिए या नावाने तो नट झाला.

या रचनेचा पहिला भाग मी आपल्या वाचकांना आग्रहाने ऐकायला सांगतो. क्लॅरिनेट आणि व्हायोलिन पहाटेच्या पक्ष्यांसारखे आलाप घेतात, आणि त्यांच्याखाली पियानोवर रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे शार्ङ्गदेवाचे तीन ताल एकापुढे एक जोडून केलेली १७ आघातांची माळ फिरत राहते. त्या आघातांवर वाजणाऱ्या स्वरसमूहांची माळ मात्र २९ ची आहे. १७ आणि २९ या दोन्ही संख्या अविभाज्य असल्यामुळे दोन्ही माळांचे आरंभ पुन्हा एकत्र यायला ४९३ आघात लागतात, आणि हा भाग त्याच्या पुष्कळ आधी, सुमारे तीन मिनिटांत संपतो. चेलो आपले स्वतंत्र लहान चक्र घेऊन फिरत असतो. आपल्या कानाला आवर्तन म्हटले की सम अपेक्षित असते. वादक कितीही दूर गेला तरी समेवर येणार ही खात्री आपल्या ऐकण्याच्या मुळाशी असते. येथे आवर्तने आहेत, ती कमालीच्या शिस्तीने चालू आहेत, आणि सम आपल्याला ऐकू येण्याच्या टप्प्यापलीकडे ठेवलेली आहे. बायबलच्या अखेरच्या पुस्तकात स्वर्गदूत आता काळ उरणार नाही असे सांगतो, आणि रचनेचे शीर्षक त्या वचनावरून घेतलेले आहे. काळ संपल्याची जाणीव संगीतात कशी आणायची, या प्रश्नाचे उत्तर मेसियाँ यांनी तालाचा त्याग करून शोधले नाही. तालाचे चक्र अधिक काटेकोर करून शोधले. देवगिरीच्या हिशेबनिसाने मांडलेल्या मापांचा असा उपयोग दुसऱ्या कोणी केलेला माझ्या ऐकण्यात नाही.

सुटकेच्या कागदपत्रांच्या कामी ब्र्युल यांचे साहाय्य झाले आणि १९४१ साली पॅरिसला परतलेल्या मेसियाँ यांना कॉन्झर्व्हातवारमध्ये अध्यापकपद मिळाले. त्यांच्या वर्गातून पुढील दशकांत प्येर बुलेझ, कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन, यानिस झेनाकिस, जेरार ग्रिझे, त्रिस्ताँ म्युराय, जॉर्ज बेंजामिन असे एकमेकांशी अजिबात न जुळणारे संगीतकार बाहेर पडले. शिष्याला आपल्यासारखे करायचे नाही, हे व्रत त्यांनी पाळले. झेनाकिस अभियंता होते आणि वास्तुरचनेच्या क्षेत्रात काम करीत होते. त्यांना स्वरसंवादाचे शास्त्र पुन्हा पहिल्यापासून शिकायला न लावता, गणित आणि वास्तुरचना हीच त्यांची साधने आहेत असे मेसियाँ यांनी सांगितले. भारतीय ताल, ग्रीक छंद आणि कॅथलिक चर्चचे जुने ग्रेगोरियन गायन हे विषय या वर्गात मोझार्ट आणि स्त्राव्हिन्स्की यांच्या बरोबरीने शिकवले जात. बुलेझ यांनी गुरूच्या काही रचनांवर अत्यंत कठोर टीका केली, आणि पुढे त्याच गुरूच्या रचना जगभर वाजवल्या.

खासगी आयुष्यात या काळात मोठे दुःख होते. १९३२ साली त्यांचा विवाह क्लेर देलबॉस या व्हायोलिनवादक आणि संगीतकार स्त्रीशी झाला होता आणि त्यांना पास्काल नावाचा मुलगा होता. युद्धाच्या अखेरीच्या सुमारास क्लेर यांची स्मृती जाऊ लागली आणि १९५९ साली मृत्यू येईपर्यंतची वर्षे त्यांना शुश्रूषागृहात काढावी लागली. पहिल्याच वर्गातल्या विद्यार्थिनी ईव्हॉन लोरिओ या असामान्य पियानोवादक होत्या. मेसियाँ यांच्या पियानोच्या जवळजवळ सर्व मोठ्या रचना त्यांच्या बोटांसाठी लिहिल्या गेल्या. १९६१ साली दोघांचा विवाह झाला.

बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी त्याचे संचालक सर्जी कुसेविट्स्की यांनी मेसियाँ यांच्याकडे एक रचना मागितली आणि लांबी, वाद्यसंख्या, मुदत यांपैकी कशाचेही बंधन घातले नाही. १९४६ ते १९४८ या काळात लिहिलेली दहा भागांची ‘तुरंगलीला’ सिंफनी हे त्याचे फळ. २ डिसेंबर १९४९ रोजी बॉस्टनमध्ये लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली ती प्रथम सादर झाली. तिचे नावच शार्ङ्गदेवाच्या यादीतल्या एका तालाचे आहे. सव्वा तासाहून लांब अशा या रचनेत ऑर्केस्ट्राबरोबर पियानो आणि ऑन्द मार्तनो हे विजेवर चालणारे, मानवी गळ्यासारखी मींड घेणारे वाद्य आहे. तिच्यात उन्माद आहे, गोडवा प्रसंगी अतिरेकाला जातो, आणि सलग ऐकताना दमायला होते, हे मी मान्य करतो. तरीही तालवाद्यांच्या थरांकडे लक्ष ठेवून ऐकले तर एक लयबंध क्रमाने वाढतो आहे, दुसरा घटतो आहे आणि तिसरा तसाच उभा आहे, असा खेळ त्यात जागोजागी सापडतो.

मेसियाँ यांना स्वर ऐकताना रंग दिसत. हे ते उपमेने बोलत नसत; त्यांनी ठरवलेल्या सात विशिष्ट स्वरसप्तकांपैकी एखादे वाजले की जांभळट निळी किंवा अन्य ठरावीक छटा मनःचक्षूंसमोर येते, असे ते तपशिलाने लिहून ठेवत.

१९५०च्या दशकात त्यांनी आपली दिशा पक्ष्यांकडे वळवली. झाक देलामँ या पक्षितज्ज्ञांकडून त्यांनी पक्षी ओळखायला शिकून घेतले आणि मग पहाटेपूर्वी रानात जाऊन, वही आणि पेन्सिल घेऊन, ते पक्ष्यांचे गाणे स्वरलिपीत उतरवू लागले. एकट्या पियानोसाठी लिहिलेल्या ‘पक्ष्यांची यादी’ या १३ भागांच्या रचनेतल्या सर्वांत मोठ्या भागात तळ्याकाठच्या बोरूच्या बेटातले मध्यरात्रीपासून दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंतचे २७ तास अर्ध्या तासात आलेले आहेत. प्रकाश, पाणी, बेडूक आणि एकेका प्रहराचे पक्षी त्या क्रमानेच येतात. प्रहरांशी संगीताचे नाते जोडणाऱ्या आपल्या श्रोत्यांना हा भाग परका वाटणार नाही, असा माझा अनुभव आहे. १९५६ सालच्या ‘परदेशी पक्षी’ या रचनेत आपल्याकडची डोंगरी मैना आणि शामा हे पक्षी आहेत. शामा सह्याद्रीच्या दाट रानांत आणि कोकणात आजही ऐकू येतो. या रचनेत पियानो आणि फुंकवाद्ये पक्ष्यांची गाणी वाजवतात, आणि तालवाद्यांवर ग्रीक छंद आणि शार्ङ्गदेवाचे ताल चालू असतात. पक्ष्यांची मुक्त लय आणि ग्रंथातली मोजलेली लय एकाच वेळी ऐकू येण्याची ही जागा मला त्यांच्या सर्व रचनांत अधिक प्रिय आहे.

संत फ्रान्सिसवरच्या त्यांच्या एकमेव ऑपेराचा पहिला प्रयोग २८ नोव्हेंबर १९८३ रोजी पॅरिसमध्ये सेइजी ओझावा यांच्या संचालनाखाली झाला. त्यानंतर आपले काम संपले असे मेसियाँ यांना वाटले होते. पण न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने आपल्या १५०व्या वर्षासाठी रचना मागितली आणि ‘पैलतीरावरचे विद्युत्प्रकाश’ ही ११ भागांची शेवटची मोठी रचना त्यांनी पूर्ण केली. २७ एप्रिल १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. नोव्हेंबरमध्ये ती रचना न्यूयॉर्कला प्रथम वाजली तेव्हा संचालक होते मुंबईत जन्मलेले आणि तेथेच पाश्चात्त्य संगीताचे पहिले संस्कार घेतलेले झुबिन मेहता. लयीवरचा मेसियाँ यांचा प्रचंड ग्रंथ ईव्हॉन लोरिओ यांनी १९९४ ते २००२ या काळात सात खंडांत प्रसिद्ध केला. पहिल्या खंडात देशी तालांचा सविस्तर विचार आहे.

नव्याने ऐकू इच्छिणाऱ्यांनी माझ्या मते ‘चतुष्का’च्या पाचव्या भागापासून आरंभ करावा. चेलो आणि पियानोचा तो अतिविलंबित भाग कोणत्याही पूर्वतयारीशिवाय मनाला भिडतो. त्यानंतर पहिला भाग घ्यावा आणि पहिल्या ऐकण्यात केवळ पियानोकडे कान ठेवावा. मग ‘परदेशी पक्षी’, आणि ‘तुरंगलीला’ सवड काढून सर्वांत शेवटी.